चूलबंद यावे

प्राजू, मोबाइल ठेव बाजूला आणि हे पत्र नीट वाच. शहाणी झालीस ना मोठी! उलव्यात स्वतःची खोली घेतलीस, महाप्याला नोकरीला जातेस, आणि माझ्या पूजेची पत्रिका तुला वेगळी पाठवली तर म्हणतेस, "आत्या, आईबाबांच्या पत्रिकेत मी आलेच की. दुसरी कशाला फुकट घालवलीस?" फुकट? ऐक मग.

मी गाव सोडलं तेव्हा एसटीत माझी वळकटी चढवताना अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, म्हणाले होते, "शेरात ऱ्हा, नोकरी कर. पर पोरीची चूल सासरी. तवर तू आमच्याच पत्रिकेत." मी मान हलवली. मग दोन वर्षं पॅकिंगचं काम केलं, सानपाड्यात खोली भाड्याने घेतली, शेगडी आणली, आणि ते वाक्य टोचायला लागलं. लग्न नव्हतं झालं, पण रोजचा आमटीभात मीच शिजवत होते ना?

म्हणून घातली सत्यनारायणाची पूजा. गावाला पत्र धाडलं आणि तोऱ्यात खाली लिहिलं, 'चूलबंद यावे'. तुला माहीत नसेल, घरटी आमंत्रण असलं की घरातलं एक माणूस येतं. चूलबंद म्हणजे त्या घरात चूल पेटत नाही, अख्खं घर जेवायला येतं. मला वाटलं, एवढ्या लांब कोण येतंय! भावकीने ट्रक केला गं. ट्रक नाही, टेम्पो. स्वयंपाक पंधरा माणसांचा आणि जिन्यात चपलाच चपला.

दुसऱ्या पंगतीलाच भात संपला. गावात असं झालं की अण्णा धोतर खोचून उठायचे आणि सगळं निस्तरायचे. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पानावरून हलले नाहीत.

"घर तुजं हाय," म्हणाले. "आमी पावनं."

असा राग आला म्हणून सांगू! ओढणी खोचली आणि शेजारच्या नजमाभाभीचं दार वाजवलं. ती श्रीवर्धनकडची, तिच्याकडेही पाहुण्यांचा राबता, त्यामुळे फार सांगावं लागलं नाही. तिने मोठं पातेलं काढलं. तिच्या शेगडीवर भात, माझ्या शेगडीवर आमटीत पाणी. काकूने टोमणा मारलाच, "आमच्या चुली बंद केल्या आन् हिनं सोताच्या दोन पेटवल्या." सगळे हसले, पोटभर जेवून गेले. मी आठवडाभर मनात तेच घोळवत बसले, की आपलं हसं झालं.

दोन महिन्यांनी चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका टपालाने आली. पाकिटावर अण्णांचं किरटं अक्षर, माझं नाव, सानपाड्याचा पत्ता. आत खाली, हाताने लिहिलेलं, 'चूलबंद यावे'. एकट्या पोरीला चूलबंद! आधी हसले, मग दार लावून पुन्हा वाचली. निघायच्या दिवशी चहासुद्धा केला नाही. तेव्हापासून भावकीत लग्न असो की मयत, माझी हजेरी वेगळी लागते. कधीकधी वैतागही येतो, खोटं कशाला बोलू? पण गाव मला बोलावतं आणि मी माझ्या घरून निघून जाते, याचं सुख काही वेगळंच.

तेव्हा पत्रिका टाकून देऊ नकोस. आईबाबा त्यांच्या पत्रिकेने येतील, तू तुझ्या ये. आदल्या दिवशीच ये, मला हाताखाली माणूस हवंय. आणि निघताना शेगडी पेटवायची नाही, चहालाही नाही. बघ, तुझ्या पत्रिकेत खाली लिहिलंय.