वाड्याची सिरीयल

"आला का गं वाडा परत?"

पैठण रोडवरच्या माझ्या मेडिकलच्या काउंटरवर एका म्हाताऱ्यानं हे विचारलं, तेव्हा बीपीच्या गोळ्या न्यायला आलेल्या सोसायटीतल्या मॅडम चक्रावून बघत राहिल्या. "वाडा? ऐतिहासिक मालिका आहे का नवीन?" मला हसू आवरेना. म्हातारा पाचोडकडचा होता आणि तो विचारत होता अवकाशयानाबद्दल.

मॅडमना जे समजावलं ते इथंही सांगते. आम्हा धनगरांचा वाडा म्हणजे दगडी जोत्याचं, नक्षीच्या खांबांचं घर नव्हे. चार-सहा बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, भांडीकुंडी असं सगळं मिळून चाऱ्यापाण्यामागं जे मुलूख तुडवत निघतं, त्याला आमच्यात वाडा म्हणतात. आमचा वाडा चालतो. भिंत म्हणाल तर रात्री मेंढरांभोवती ताणायचं दोरीचं जाळं, त्याला म्हणतात वाघर. संपली इमारत.

आता हा वाडा आभाळात कसा गेला, ते माझ्या बापाचं कर्तृत्व. बापाला आम्ही आण्णा म्हणतो आणि त्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या चुलत्याला, आबा. मी शाळेत होते त्या वर्षी पाऊस असा दडी मारून बसला की भर पावसाळ्यात पाचोडच्या बाजारात पाण्याच्या टाक्या विकायला आल्या होत्या. दोघं भाऊ मेंढरं घेऊन गावात अडकले होते आणि संध्याकाळी करायला काही नव्हतं. गिरणीवाल्यांच्या घरी टीव्ही होता. ते तो खिडकीत आणून ठेवायचे, आणि अंगणात सगळा गाव. आठवड्यातून एकदा ती मालिका लागायची. पृथ्वीवरचं पाणी आटतं आणि माणसांचा एक जथा यानात बसून दुसऱ्या ग्रहाकडं निघतो, अशी गोष्ट होती. मालिका हिंदीत. आबांना हिंदी येत नव्हती. आण्णा लोकर विकायला जालन्याला, औरंगाबादला जायचे, त्यामुळं त्यांना येत होती. म्हणून आण्णा सांगायचे आणि आबा ऐकायचे, आणि आबांच्या मागं बसलेलं निम्मं गाव ऐकायचं.

पहिल्याच दिवशी यान उडालं तेव्हा आण्णा क्षणभर अडखळले. मग म्हणाले, "दादा, ह्यो वाडा हाय. पाणी सरलं म्हनून निघालाय."

"कुनीकडं?"

"वर."

"वर चारा हाय?"

"तेच बघाया निघालेत."

आबांनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं यात न पटण्यासारखं काही नव्हतंच. तिथून पुढं सगळं आपोआप बसत गेलं. यानाची कप्तान एक बाई होती, ती झाली कारभारीण. यानाभोवती उल्कांपासून राखण करणारं एक निळं कडं होतं, ती झाली वाघर. ऑक्सिजन म्हणजे वारा. "वारा सरत आलाय, दादा," असं आण्णा गंभीरपणे सांगायचे आणि अंगणातले म्हातारे चुकचुकायचे. बाई वाडा चालवते म्हणून कुणी हसलं, तर आबा म्हणाले, "आपल्यात येगळं काय हाय? पाल कुटं ठोकायचं, कुनी सांगितल्यावर ठोकतोस तू?" हसणारा गप्प झाला, कारण त्याची बायको मागंच बसली होती.

आबांची एकच तक्रार होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. "येवढा मोठा वाडा आन् कुत्रं नाय? रातीला राखन कोन करतं?"

आज वाटतं, ती मालिका लिहिणाऱ्याला त्या अंगणात आणून बसवायला हवं होतं. पुठ्ठ्याचं यान, तीन लुकलुकणारे बल्ब आणि दोरीला लटकवलेले ग्रह. एवढ्यावर त्या माणसानं आमच्या गावाला वर बघायला लावलं, ते पण अशा वर्षी की वर बघायचा सगळ्यांना वीट आला होता. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

मग एका भागात यान मधल्या एका ठाण्यावर थांबलं. पाणी सगळ्यांना पुरणार नव्हतं. निम्मी माणसं ठाण्यावर उतरली, उरलेली पुढं गेली. कारभारणीनं काचेला हात लावला, आणि भाग संपला. पुढच्या आठवड्यात त्या वेळेला गाण्यांचा कार्यक्रम लागला. मालिका का बंद पडली, कुणालाच कळलं नाही.

त्याच सुमारास आण्णांनी आपल्या वाट्याची मेंढरं विकली. पाणी सगळ्यांना पुरणार नव्हतंच. चितेगावच्या एका कंपनीत त्यांना काम मिळालं, आणि आबा उरलेलं जित्राब घेऊन नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडले. गाव म्हणालं, धाकट्यानं वाडा मोडला. बाहेरच्याला हे तीन शब्द साधे वाटतील. आमच्यात यापेक्षा जास्त लागणारं बोलणं नाही. आबा स्वतः कधी असं म्हणाले नाहीत. पण आण्णांच्या डोक्यात ते आबांच्याच आवाजात बसलं.

पुढची तीसेक वर्षं रस्त्याला विचारली तर तो जास्त सांगेल. पैठण रोडला ज्वारी होती तिथं शेड आले, शेड होते तिथं फ्लॅट आले, फ्लॅटखाली माझं मेडिकल आलं. आण्णा हेल्परचे ऑपरेटर झाले, मग रिटायर. आबा लग्नकार्याला, आजारपणाला आमच्याकडं यायचे. चहा घ्यायचे, जेवायचे, आईला गावाकडची खबरबात सांगायचे, आणि सगळा वेळ एक डोळा घड्याळावर. पाचोडकडची शेवटची एसटी त्यांनी कधी म्हणजे कधी चुकवली नाही. आई अंथरूण घालते म्हणायची. "नगं, मेंढरं हायेत," असं त्यांचं ठरलेलं उत्तर. पुढं गुडघे गेले, मेंढरं पोरानं सांभाळायला घेतली, तरी उत्तर तेच. ते गेले की आण्णा गॅलरीत उभे राहायचे. एकदाच आईला म्हणाले होते, "माझ्या घरात त्याला नीज येत न्हाई." तुटक बोलले, पण मला त्या वेळी बापाची फार दया आली.

आणि अशात ती मालिका परत आली.

नवीन भाग, नवीन यान, पण कप्तान तीच बाई, आता पांढऱ्या केसांची. तिला रंगवून तरुण केली नव्हती, यासाठीच मी पहिला नमस्कार घातला. पुढं यान बघितलं तर डोळे दिपतील असं. पण एका कोपऱ्यात बनवणाऱ्यांनी ते जुनं पुठ्ठ्याचं पॅनल तसंच ठेवलं होतं, तीन बल्बवालं. म्हातारी कप्तान जाता येता त्यावर थाप मारायची, गाईच्या पाठीवर मारावी तशी.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर गोळ्यांपेक्षा गप्पा जास्त विकल्या गेल्या. खोकल्याचं औषध न्यायला आलेला रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, वो तीन बल्ब दिखे ना, अपने को तो रोनाच आ गया." ज्या मॅडमना वाडा म्हणजे पेशवाई वाटली होती, त्यांचे मिस्टर लहानपणानंतर पहिल्यांदा टीव्हीसमोर रडले, असं त्यांनी बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर जाहीर केलं. एक रिटायर्ड गुरुजी दर आठवड्याला येऊन बजावायचे की अवकाशात आवाज होत नाही, स्फोटाचा तर नाहीच नाही, आणि मग हळूच विचारायचे, "पुढचा भाग किती वाजता?" कॉलेजची पोरं म्हणायची लई स्लो आहे. पण एकही भाग चुकवायची नाहीत.

आमच्या बिल्डिंगमध्ये गाजलेला एक भाग तर मी विसरणार नाही. नळाला पाणी आठवड्यातून जेव्हा येईल तेव्हा येतं, आणि नेमकं त्याच वेळी आलं. यानात कप्तान प्रत्येकाला मापून पाणी वाटत होती, आणि इकडं सगळ्या मजल्यांवर टीव्हीचे आवाज मोठे करून बायका ड्रम भरत होत्या. वरून कुणीतरी ओरडून विचारलं, "मिळालं का सगळ्यांना?" ते यानातल्यांबद्दल होतं की बिल्डिंगमधल्यांबद्दल, मला अजून माहीत नाही.

आण्णा पहिला भाग खुर्चीच्या टोकावर बसून बघत होते. दुसरापण. तिसऱ्यात यान त्या जुन्या ठाण्याकडं परत वळलं आणि यानावर जन्मलेला एक तरुण त्वेषानं बोलला की जे उतरले ते भित्रे होते, त्यांनी मोहीम मोडली, त्यांना भेटायचं कशाला. काउंटरवर जवळजवळ सगळी जनता त्याच्या बाजूनं. "पळपुटेच की ते," मॅडम म्हणाल्या. आण्णा त्या दिवशी मध्येच उठून गॅलरीत गेले, आणि पुढच्या आठवड्यात त्या वेळेला भाजी आणायला निघाले. मी रागावले. म्हटलं, इतकं चांगलं कुणी करून दाखवतंय आणि तुम्हाला मेथी सुचते? तेव्हा आई मला आत बोलावून म्हणाली, "त्यांना लागलंय ते. गप बस."

चार दिवसांनी आबांचा फोन आला. त्यांच्या घरी टीव्ही होता, पोरांनी मालिका लावूनही दिली होती, मराठीतली. "मला त्यातलं काय समजंना," आबा म्हणाले. "म्या तकडं येतो. तुझ्या बापाला घरी ऱ्हा म्हनावं."

आण्णांना मी निरोप दिला तर त्यांचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला. ठाण्यावरच्या माणसांचा भाग, आणि समोर दादा. "दुसरं कायतरी लाव त्या दिवशी," ते मला म्हणाले. मी लावणार नव्हते.

आबा दुपारीच आले. काठी दाराशी टेकवली, घोंगडी मांडीवर घेतली आणि टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले, गिरणीवाल्यांच्या अंगणात बसायचे तसे. मी चहा दिला. संध्याकाळी मालिका सुरू झाली, आणि टीव्हीतला माणूस खणखणीत मराठीत बोलला, "अंतराळयानातील प्राणवायूची पातळी चिंताजनक आहे."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "ह्यो कोन बोलतोय? तहसीलातला हाय का?"

"मराठीच आहे, आबा."

"आसंल. आवाज बंद कर. ह्याला सांगू दे."

मी रिमोट दाबला. पडद्यावर माणसं तोंडं हलवत होती आणि आण्णा नुसतेच बघत होते. मग त्यांनी घसा साफ केला. "वारा सरत आलाय, दादा." आबा आरामात मागं रेलले. हळूहळू आण्णांना जुनी लय सापडली. कारभारीण म्हातारी झाली, वाघर फाटलीय, ती शिवायला दोन पोरं बाहेर गेलीत. ओठ वाचून सांगत होते की मनानंच, देव जाणे, पण सांगत होते झकास. आईनं भाकरी थापायच्या थांबवल्या आणि दारात येऊन उभी राहिली.

मग ठाणं आलं. एवढ्या वर्षांनी यान तिथं टेकलं. दार उघडलं तर समोर उतरलेली माणसं, म्हातारी झालेली, हातात पाण्याची भांडी घेऊन रांगेनं उभी. त्यांनी ठाणं राखलं होतं, दिवा विझू दिला नव्हता. यानातला तो तरुण त्यांच्यावर बोट रोखून काहीतरी बोलला आणि आण्णा थांबले.

"काय म्हनतंय ते पोरगं?" आबांनी विचारलं.

मी मध्ये पडून काहीतरी सांगणार होते, पण आईनं डोळ्यांनीच अडवलं.

"सांग ना. काय म्हनतंय?"

"म्हनतंय," आण्णांचा आवाज बारीक झाला होता, "ह्यांनी वाडा मोडला."

आबा पडद्याकडंच बघत होते. पाण्याची भांडी या हातातून त्या हातात जात होती.

"येडं हाय ते," आबा म्हणाले. "त्याला वाड्यातलं काय कळतंय? वाडा कुटं मोडला? एक बिऱ्हाड मुक्कामाला थांबलं. मागं कुनी पानी राखून बसलं नसतं, तर ह्यो वाडा वळून कुटं आला आसता?" मग आण्णांकडं वळून म्हणाले, "म्या कवाच म्हनलो न्हाई तसं. तूच येड्यावानी डोक्यात घेऊन बसला."

"मग ऱ्हात का न्हवता हितं?" आण्णांनी विचारलं. तीस वर्षं जे गॅलरीत उभं राहून गिळलं, ते असं सहज तोंडातून पडलं.

आबांनी घोंगडी चाचपली. "तू कदी म्हनला का ऱ्हा म्हनून? पोरीची आई म्हनायची. तू घड्याळ बघायचा, गाडी हुकंल म्हनून. मला वाटलं, ह्याला आपला वास नको आसंल मेंढराचा."

दोघंही घड्याळ बघत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की घाई दुसऱ्याला आहे. मला त्यांचा रागही आला आणि मायाही.

पडद्यावर ठाण्यावरची माणसं यानात चढत होती आणि यानातली उतरत होती, आणि शेवटी कोण चढलं आणि कोण उतरलं हे कळेनासं झालं. त्यांच्या पायात काहीतरी घुटमळत होतं. बनवणाऱ्यांना ही बुद्धी कुणी दिली कोण जाणे, ते ठाण्यावरचं कुत्रं होतं.

"आता झाला वाडा," आबा म्हणाले.

मी सवयीनं घड्याळाकडं बघितलं. एसटीची वेळ होत आली होती. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आण्णा खुर्चीतून उठले, भिंतीवरचं घड्याळ खिळ्यावरून काढलं आणि पालथं घालून कपाटावर ठेवलं.

"दादा," ते म्हणाले, "ऱ्हा आज."