पहिलं नाव त्यांचंच होतं

सासऱ्यांच्या वर्षश्राद्धानंतर सासूबाई आमच्याकडे नेपरव्हिलला आल्या त्या एका बोलीवर. "एक हिवाळा राहून बघते. रमले तर राहीन, नाही तर पुण्याला सोडा." आम्ही दोघं सकाळी सातच्या गाडीने शिकागोला जायचो, ते संध्याकाळी सातलाच उगवायचो. मला त्या हव्या होत्या, अगदी मनापासून. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. दार उघडल्यावर "आलीस का गं?" असं कुणी विचारतं, याची मला भलती सवय लागली होती.

दिवसभर एकट्या असलेल्या सासूबाईंचा एकच विरंगुळा होता: सकाळी वेबकॅम लावून पुण्यातल्या धाकट्या बहिणीशी गप्पा. केबलचं इंटरनेट वेगवान होतं. मावशींच्या लोणच्यातली मोहरीसुद्धा दिसते, असं त्या कौतुकाने सांगायच्या.

नवऱ्याचे कॉलेजातले एक मित्र दोन गल्ल्या सोडून राहायचे. मी त्यांना भावोजी म्हणायचे. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, बोलण्यात पटाईत, सासूबाईंना 'आई' म्हणून हक्काने थालीपीठ मागणारे. दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांनी फराळाच्या टेबलावर नावं नोंदवायचा एक कागद ठेवला. एका डिश कंपनीने म्हणे शब्द दिला होता की पुरेशी घरं केबल सोडून आली, तर मराठी चॅनेल सुरू करू. कागदावर पहिलं नाव त्यांचंच होतं.

"वहिनी, तुम्ही सगळ्यांना कॉल करा. तुम्हाला कुणी नाही म्हणत नाही. आईंसाठी करतोय यार आपण हे!"

आईंसाठी म्हटल्यावर मी कंबर कसली. जेवणाच्या सुट्टीत रोज दोन-तीन घरी फोन. दोन वर्षांचा करार ऐकून कुणी बिचकलं, की माझं उत्तर तयार असायचं: "अगं, भावोजींनी स्वतः घेतलंय!"

आमच्या छपरावर डिश चढली, ठरलेली घरं पूर्ण व्हायच्या आधीच चॅनेल सुरूही झालं. केबल गेली आणि तिच्याबरोबर ते वेगवान इंटरनेटही. आता फोनच्या तारेवरून रडतखडत चालणारं घेतलं. मावशींचा चेहरा अर्ध्या वाक्यात थिजायचा. "असू दे गं, आवाज येतोय ना," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या समाधानासाठी मालिका बघत बसल्या. मला ते तेव्हा कळलं नाही. मी आपली खुशीत होते.

जानेवारीत पत्र आलं. पुरेशी घरं न मिळाल्यामुळे चॅनेल बंद, करार मात्र चालू. मग फोन मलाच यायला लागले. "तुझ्या भरवशावर घेतलं," एकजण म्हणाली. मी चांगलीच तोंडघशी पडले होते.

आता काय करायचं, हे विचारायला मी भावोजींकडे गेले. त्यांनी हसत दार उघडलं. त्यांच्या टीव्हीखाली केबलचा डबा होता, आम्ही परत केला होता तसाच. मी तशीच मागे फिरून अंगणात आले आणि वर पाहिलं. छपरावर नुसता बर्फ.

"अहो वहिनी, मी घरून काम करतो ना, मला फास्ट इंटरनेट मस्ट आहे. केबल कॅन्सल करणारच होतो, राहून गेलं."

राहून गेलं! तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच तोंडून घरोघरी खोटं वदवून घेतलं होतं या माणसाने. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या अंगणात समजलं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता. मान वर न करता म्हणाला, "मला माहीत होतं. तू इतकी एक्साइट झाली होतीस, म्हटलं कशाला सांगा."

त्याच आठवड्यात मी केबलचं इंटरनेट परत घेतलं. मावशींचा चेहरा पुन्हा लख्ख दिसायला लागला. त्या चेहऱ्याला सासूबाईंनी माझ्यादेखतच सांगितलं, "मार्चमध्ये येते गं मी. कायमची." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

निघायच्या दिवशी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून विमानतळावर सोडायला भावोजी आले. बॅगा त्यांनीच उचलल्या. सासूबाईंनी त्यांच्या हातात भाजणीचा डबा ठेवला, पाठीवरून हात फिरवला. मला ते बघवेना.

परतताना मी मागच्याच सीटवर बसले. शेजारी सासूबाईंची शाल राहिली होती. आरशातून माझ्याकडे बघत भावोजी म्हणाले, "वहिनी, आता दुसरी एक कंपनी मराठी चॅनेल आणतेय. त्यांनाही घरं हवीत. तुम्ही कराल ना कॉल?"

मी शाल मांडीवर घेतली.

"कुणासाठी, भावोजी?"