फाइंडचा भूतकाळ

कोपरीतला गोपीनाथ दामले ठाण्याच्या कचेरीत कारकून होता आणि इंग्रजी झाडायची एकही संधी सोडत नसे. मराठी स्टेशनमास्तरशीसुद्धा तो इंग्रजीतच बोले. आम्ही शेजारी त्याला हसायचो.

त्याचा धाकटा भाऊ आनंद याला फिट यायची. ती येऊन गेली की बराच वेळ त्याला स्वतःचं नावही सांगता येत नसे. एक्कावन्नच्या उन्हाळ्यात तो कल्याणला मावशीकडे म्हणून निघाला आणि पोचलाच नाही.

गोपीनाथने कचेरीतून कल्याणच्या एका दवाखान्याला फोन लावला. तिथला साहेब मद्रासकडचा, मराठीचा गंध नसलेला. त्याने आनंदचं वर्णन नीट विचारून घेतलं. असा कोणी आला तर सांगतो, उद्या पुन्हा फोन करा, म्हणाला. दुसऱ्या दिवशी गोपीनाथ कल्याणभर उन्हातान्हात फिरला आणि संध्याकाळी फोनवर म्हणाला, "सर, आय फाउंड माय ब्रदर. होल डे."

भावाला दिवसभर शोधलं, असं त्याला सांगायचं होतं. शोधणं काय आणि सापडणं काय, त्याच्या लेखी दोन्ही फाइंडच. शाळेत आम्हालाही तसंच घोकवलेलं.

"गुड, व्हेरी गुड!" साहेबाने फोन ठेवला.

गोपीनाथ खूश. साहेब भला माणूस आहे, काही कळलं तर कळवेल, असं त्याने आईला सांगितलं आणि वाट बघत बसला. मला अजून संताप येतो. एखाद्या कंपाउंडरला सरळ मराठीत विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

निरोप येईना, तेव्हा तो स्वतः गेला. वॉर्डबॉयने एक शर्ट पुढे केला. आनंदचाच. त्या फोननंतर रस्त्यावरून आणलेला, नाव न सांगता येणारा मुलगा तापात गेला होता. बेवारस म्हणून त्याला जाळलंही होतं. साहेब हळहळला. "पण सापडला असं तुम्हीच सांगितलंत ना?" त्याने इंग्रजीत विचारलं.

गोपीनाथला रडू आलं नाही. 'सर्च्ड' म्हणायला हवं होतं, एवढंच डोक्यात आलं. हे त्याने मला पुढे सांगितलं, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं.

घरी आई दारातच उभी होती.

"सापडला का रे?"

"सापडला."

तिने हात जोडले, लगबगीने आत गेली आणि जास्तीचे तांदूळ धुवायला घेतले. गोपीनाथ शर्टाची पिशवी घेऊन तिथेच उभा राहिला.

"अरे, मग मागे का राहिला तो?" तिने आतून विचारलं. "बोलव की त्याला."