फणीचा दात

माझे हात लहानपणापासून स्वस्थ बसत नाहीत. जेवताना ताटाच्या कडेवर, देवळात खांबावर, कुणाशी बोलत असलो तर स्वतःच्या मांडीवर, बोटं आपली वाजतच असायची. अम्मा म्हणायची, "ह्याच्या बोटांत उंदीर शिरलाय, कुणीतरी काढा रे!" वडिलांना आम्ही तेलुगूत नायना म्हणायचो. ते मागावर बसल्या बसल्या एकदा डोळे वर करून बघायचे, की झालं.

तेव्हा सिनेमा अजून मुका होता. आमच्या गावातलं थेटर म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. पडद्यावर माणसं तोंडं हलवायची आणि खाली कोपऱ्यात पेटीमास्तर पेटी वाजवायचे, शेजारी एक तबलजी. मास्तर पुण्याचे. नाटक कंपनीबरोबर सोलापुरात आले, कंपनी मोडली आणि हे इथंच राहिले. त्यांना जोडीला मेंडोलिन हवं होतं. माझ्याकडं होतं. लग्नातल्या बँडवाल्यानं टाकून दिलेलं, पोटाला चीर गेलेलं, पण तारा शाबूत होत्या.

मास्तरांनी माझं वाजवणं ऐकलं आणि नाक मुरडलं. "हात बरा आहे रे. पण आवाज? डास गुणगुणल्यासारखा! रविवारी दुपारच्या खेळाला ये. शेवटच्या बाकावर ऐकू गेलं तर जागा तुझी. नाही गेलं तर आपला माग बरा."

माग तर घरी वाटच बघत होता. नायनांनी माझ्यासाठी दुसरा माग मांडायला घेतला होता. पाय सोडायचा खड्डासुद्धा खणून झाला होता. "सोमवारपास्नं बसायचं," त्यांनी सांगून टाकलं होतं. सोमवारच्या आधी रविवार होता, एवढाच माझा आधार. त्या खड्ड्याला वळसा घालूनच मी घरात फिरायचो. दिवसभर तिथं बसायचं, म्हणजे बोटांतले उंदीर मरणारच की!

आवाज सगळा नखीत असतो, हे मला कळत होतं. नखी म्हणजे तार छेडायचा तुकडा. त्या आठवड्यात मी काय काय नाही घासलं! नारळाची करवंटी पानाच्या आकाराची करून घेतली. आवाज मोठा आला, पण नुसता खटखटाट, आणि दुसऱ्याच दिवशी तार तुटली. मोरपिसाचा देठ घेतला. गोड, पण शेजारच्या खोलीतसुद्धा जाईना. जुन्या चपलेचं चामडं कापलं, ते गोधडी झोडपल्यासारखं वाजलं. टोक गोल केलं की आवाज मऊ, अणकुचीदार केलं की कडक. जाड घेतली तर तार अडते, पातळ घेतली तर नखीच वाकते. मी रात्रंदिवस घासत होतो, आणि रविवार जवळ येत होता.

शेवटी थेटरावर जाऊन मास्तरांनाच विचारलं. ते पान जमवत होते. मान वर न करता म्हणाले, "फणीचा दात घे. कडेचा, जाड बघून. त्याच्यासारखी नखी नाही."

एवढंच ऐकलं आणि मी धूम पळालो.

आता फणी म्हटल्यावर आमच्यासारख्याच्या डोळ्यांपुढं काय येणार? मागावरची फणी! वेळूच्या शेकडो बारीक काड्या ओळीनं बांधलेल्या, प्रत्येक फटीतून ताण्याचा दोरा गेलेला. आम्ही घरात तिला पन्ने म्हणायचो, बाहेर मराठीत फणी. त्या काड्या म्हणजे तिचे दात. मला तर वाटलं, अरे, काखेत कळसा आणि गावाला वळसा! घर फण्यांनी भरलंय आणि मी करवंट्या घासतोय.

अंगणात चादरीची एक मोडकी फणी पडली होती. तिचा दात जाड, तो थड थड वाजला. लुगड्याच्या एका मोडक्या फणीचा दात पातळ, तो नुसता सळसळला. मग माझी नजर भिंतीवर गेली. तिथं फडक्यात गुंडाळलेली एक फणी टांगलेली होती. नायनांच्या वडिलांनी ती निजामाच्या मुलखातून पायी येताना पाठीवर बांधून आणली होती. ती कधी वापरात नसायची. फक्त दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं.

शुक्रवारी नायना सूत आणायला गेले आणि मी ती खाली काढली. वेळू जुना होऊन खजुरासारखा काळपट झाला होता. कडेचा दोरा सोडवला, एक दात ओढून काढला, उंबऱ्यावर घासून टोक केलं आणि तार छेडली. काय खणखणीत आवाज आला म्हणता! अम्मा चुलीपासून उठून आली. मी तिला उचलून गिरकी घेतली. ती ओरडत होती, "सोड रे मुडद्या, भाकरी करपली!"

शनिवारी सकाळी नायना उठले, देवाला हात जोडले आणि भिंतीवरची फणी खाली घेतली.

मला कळेचना. "ही कशाला, नायना?"

"तुज्या मागाला. पयला ताणा हिच्यावरच चढवायचा. मीबी हिच्यावरच बसलो हुतो."

त्यांनी फडकं सोडलं. डोळे अधू होते, म्हणून ते बोटानं बघायचे. बोट एका टोकापासून फणीवरून सरकत गेलं आणि कडेला येऊन थांबलं. परत मागं गेलं, परत आलं, परत थांबलं. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

"दात कुटं गेला?"

मी खिशातून काढून पुढं धरला. सगळं सांगितलं, मास्तरांचं, रविवारचं. त्यांनी तो घेऊन रिकाम्या जागेवर लावून बघितला. मी घासलेला, तो आखूड झाला होता. वर बसेना, खाली बसेना.

मला वाटलं आता हात उचलतील. उचलला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फणी परत गुंडाळली, गाठ मारली, भिंतीवर टांगली आणि दात माझ्या हातात ठेवला.

"आता तरी ऐकू जाऊ दे," ते म्हणाले.

रविवारी मी दोन तास आधी थेटरात गेलो. मास्तरांनी माझ्या हातात काय आहे ते बघितलं.

"हे काय रे? दात कोरतोस?"

"फणीचा दात. तुम्हीच सांगितलात की!"

त्यांनी तो उलटसुलट केला आणि एकदम एवढे हसले, की पानाचा रंग सदऱ्यावर आला. "अरे वेड्या, डोक्याची फणी! केस विंचरायची! ह्या गावाचं काय करावं, फणी म्हटलं तरी ह्यांना कापडच दिसतं!"

डोक्याच्या त्या फणीला आम्ही दुव्वेना म्हणतो. माझे कान तापले. मी हट्टानं म्हणालो, "आधी ऐका तर खरं," आणि वाजवलं. घरच्या चार भिंतींत खणखणलेला तो दात त्या शेडमध्ये पार गिळला गेला. मागं झाडू मारणारा माणूस ओरडला, "सुरू करा की मास्तर!" मी सुरूच केलेलं होतं.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? मास्तरांचं हसू थांबलं. त्यांनी पेटीच्या खणातून शिंगाची फणी काढली, अडकित्त्यानं तिचा कडेचा जाड दात कट्कन तोडला आणि माझ्याकडं टाकला. "घास. पायरीवर. लवकर!"

त्या दातानं मी वाजवलं. पाठलाग आला, घोडे आले, नायिका नदीत पडली, पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, आणि त्या शिट्ट्यांच्या वर माझी तार गेली. मला स्वतःला ऐकू येत होती ती.

खेळ सुटला. दाराशी नायना उभे होते, धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. जन्मात सिनेमाला न आलेला माणूस, मागचं महागाचं तिकीट काढून शेवटच्या बाकावर बसला होता.

"चित्र काय दिसलं न्हाय मला," ते म्हणाले. "डोळं मिटूनच बसलो. पर ऐकू आलं की रे! लई सपष्ट आलं." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "आमच्या बापाची फणी हाय ती. किती लांब बोलली बघ."

शिंगाचा तुकडा माझ्या मुठीत होता आणि वेळूचा खिशात. मी तोंड उघडलं.

"व्हय, नायना," म्हणालो.

काही वर्षांत बोलका सिनेमा आला. पेटी, तबला, मेंडोलिन, सगळ्यांना घरी पाठवलं, आणि मी त्याच खड्ड्यात पाय सोडून बसलो, बाजारातून आणलेल्या नव्या फणीवर. जुनी भिंतीवर तशीच होती. घरी कुणी पाहुणा आला की नायना तिच्याकडं बोट करून सांगायचे, "हिचा एक दात थेटरात वाजलाय. शेवटच्या बाकापत्तोर." ते सांगायला लागले की मी धोट्याची दोरी जोरात ओढायचो, मागाचा खडखडाट व्हायचा. ते वारेपर्यंत सांगत राहिले, आणि मी जोरात ओढत राहिलो.