जाम केलेली चाकं
परवा वळणावर टायर घासल्याचा जळका वास आला आणि रंकाळ्याजवळचं ते गॅरेज आठवलं. कोडोलीहून रोज दूध आणणारी माझी जुनी जीप शिवारातल्या चिखलात रुतायची. मागचं एक चाक नुसतं गरगरायचं, दुसरं ढिम्म. "दादा, मिल्ट्रीच्या भंगारात लॉकवालं डिफरन्शियल मिळंल, लॉक लावलं की मागची दोन्ही चाकं संगट फिरत्यात. चिखलात लावायचं, सडकेला सोडायचं. म्हैनाभर थांबा की," मिस्त्री म्हणाला. मला कुठला धीर! मी हट्टानं त्याच्याकडून जुन्यालाच आतून वेल्डिंग मारून घेतलं. दोन्ही चाकं कायमची एकत्र फिरू लागली. "डांबरावर ही नीट वळायची न्हाय, जपून," त्यानं बजावलं. आठच दिवसांत वाघबीळच्या वळणावर जीप सरळ चरीत गेली आणि शेजारी बसलेल्या काकांचा पाय मोडला. दवाखान्यात सगळ्यांदेखत मी म्हणालो, "मिस्त्रीनं मला न विचारता केलं." त्याची गिऱ्हाइकं तुटली. पुढं ते वेल्डिंग काढून घ्यायला निर्लज्जासारखा मी त्याच्याच दारात गेलो. दहा वर्षं मला दादा म्हणणाऱ्या त्या माणसानं मान वर केली आणि अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं, "कुठलं म्हणायचं पावणं?" मी जीप वळवली. टायर करकरत घासले. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.