दुष्काळातली पांढरी भाकरी

मी आयुष्यात एकच मोठं खोटं बोलले, आणि तेही इतकं बावळट की ते पचलं कसं, याचंच मला पुढे कित्येक वर्षं नवल वाटत राहिलं.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सांगलीला पोलीस लाईनीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे पडवी आणि आठ घरांत मिळून एक नळ. आमचे हे शिपाई. भिंतीपलीकडच्या खोल्यांत ह्यांचे मित्र राहायचे, तेही शिपाईच. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, त्यामुळे बक्कल नंबरही लागोपाठचे. हे माणदेशातले, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले, बोलायला महाकंजूष. ते रहिमतपूरकडचे, ऊसवाल्या घरातले सगळ्यात धाकटे, आणि ह्यांच्या वाट्याचं बोलणंही तेच बोलायचे. मी त्यांना भावोजी म्हणायची आणि त्यांच्या बायकोला जाऊबाई. रक्ताचं नातं काही नव्हतं, पण आमच्या दोन घरांत चटणी-मीठ मागून घ्यायची रीत नव्हती. सरळ आत जाऊन घ्यायचं.

माझ्या थोरलीच्या वेळी हे बंदोबस्ताला गेले होते आणि भर दुपारी मला कळा सुरू झाल्या. टांगा मिळेना. भावोजींनी मला सायकलच्या कॅरियरवर बसवलं, जाऊबाईंनी मागून धरलं आणि त्यांनी सायकल हातानं ढकलत सिव्हिलपर्यंत नेली. मला हसू यावं म्हणून वाटभर घंटी वाजवत होते. "सरका, डीएसपीसाहेब जल्माला येत्यात," असं रस्त्यातल्या माणसांना सांगत होते. मुलगी झाली तेव्हा ह्यांच्याआधी तिला त्यांनी हातात घेतलं. त्या दिवसापासून हा माणूस काही वाईट करूच शकत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दुष्काळात रेशनवर मिलो मिळायची. बाहेरच्या देशातून आलेली तांबडी ज्वारी. भाकरी थापताना कडा फाटायच्या, आणि गार झाली की ती विटेसारखी व्हायची. पोरं ताटावर बसून रडायची. मी रागवायची आणि मग चुलीकडे तोंड करून मीही रडायची. अशात एका दुपारी जाऊबाई पदराखाली पितळी डबा घेऊन आल्या. आत शाळूचं, पांढऱ्या ज्वारीचं पीठ होतं. इतकं पांढरं पीठ मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"गावाकडनं आलंय," त्या म्हणाल्या. मी पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्यांदा डबा आला तेव्हाही नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला दळायलाच बोलावलं. कोपऱ्यात पडलेलं जातं त्यांनी धुऊनपुसून मांडलं होतं. लाईनीसमोर गिरणी असताना जातं कशाला, असं मी म्हटलं, तर त्या खाली बघत म्हणाल्या, गिरणीत नेलं तर सगळ्यांना दिसेल. तेव्हा मला कळलं. गावाकडून आलेला शाळू कुणी असा लपवत नाही. एवढं कळल्यावर मी उठून घरी यायला हवं होतं. मी जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि खुंट्याला हात लावला.

त्या दिवशी ताटातली भाकरी बघून ह्यांनी विचारलं, हे कुठलं. मी म्हटलं, माहेरून आलं. हे भाकरीकडे जरा वेळ बघत राहिले आणि मग जेवले. माझं माहेर आटपाडीच्या बाजूला. त्या साली तिथे विहिरींचे तळ दिसत होते, वडील मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला निघून गेले होते आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पण तोंडातून निघून गेलं ते निघून गेलं. पुढे सव्वा महिना आमच्या घरात माझ्या माहेरचा शाळू येत राहिला.

खरी हकिगत मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. दोघांची ड्यूटी सीमेवरच्या एका नाक्यावर होती. धान्य राज्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, यासाठीच तो नाका. एका संध्याकाळी एक ट्रक आला तेव्हा भावोजी ह्यांना म्हणाले, "गड्या, तू च्या पिऊन ये. हितलं मी बघतो." हे चहाला गेले. परत येताना त्यांना नाक्याचा आडवा बांबू वर झालेला दिसला आणि मालानं टायर दबलेला ट्रक पलीकडे जाताना दिसला. वहीत लिहिलं होतं, ट्रक रिकामा. हे काहीच बोलले नाहीत. घरी येऊनही नाही. ट्रकमध्ये पूर्वेकडच्या, माझ्या माहेराकडच्या गावांचं रेशन होतं. ज्या व्यापाऱ्यानं ते पळवलं, त्यानंच परतीच्या खेपेला भावोजींच्या दारात शाळूचं पोतं टाकलं होतं.

पुढच्या एका खेपेला तोच ट्रक सीमेपलीकडे पकडला गेला आणि ड्रायव्हरनं नाक्याचं नाव घेतलं. चौकशी लागली. साहेब स्वतः लाईनीत आले. भावोजींच्या खोलीत व्यापाऱ्याच्या खुणेचं पोतं सापडलं, तळाला थोडे दाणे असलेलं. पण पोतं म्हणजे पुरावा नव्हे. बाजारात घेतलं म्हटलं की संपलं. नाक्यावर त्यांच्याबरोबर दुसरा माणूस एकच होता, आणि भावोजींची नोकरी ह्यांच्या एका वाक्यावर येऊन ठेपली.

जाऊबाई माझ्याकडे आल्या. खोटं सांगा असं त्या म्हणतच नव्हत्या. मी चहाला गेलो होतो, एवढंच ह्यांनी सांगावं, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि ते खरंच होतं की. मी कबूल केलं. त्यांच्यासाठी केलं आणि माझ्यासाठीही केलं, हे आता सांगायला लाज कसली. त्या पोत्यातला निम्मा शाळू आमच्या पोटात गेला होता, आणि चौकशीचं बोट भिंतीपलीकडून अलीकडे यायला किती वेळ लागणार होता?

त्याच आठवड्यात ह्यांना बंदोबस्तासाठी माझ्या माहेराकडेच पाठवलं होतं. परत आले ते बूटही न काढता पडवीत बसून राहिले. मी पाणी दिलं आणि जाऊबाईंचं म्हणणं सांगितलं. सायकलची, सिव्हिलची आठवण दिली. हात जोडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुजी आई रेशनच्या दुकानाम्होरं बसली व्हती," ते म्हणाले. "तीन दिस. धान्यच आलं न्हाई म्हणून दुकानदार कुलूप लावून गेला व्हता. मला बघून म्हणली, पावणं, तुमी सरकारात हाय, जरा इचारा की. मी तिला काय सांगू? धान्य कुठं गेलं त्ये मला ठावं हाय, आसं सांगू?"

आता पुढचा प्रश्न येणार, मग माहेरून शाळू कुठून आला. मी खांबाला धरून वाट बघत उभी राहिले. प्रश्न आला नाही. संतापात ह्यांच्या ध्यानात आलं नसेल, असं मला वाटलं आणि मी सुटकेचा श्वास टाकला. आई तिकडे उपाशी बसली होती आणि मी इकडे सुटकेचा श्वास टाकत होते. त्या श्वासाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

ह्यांनी चौकशीत टायर, बांबू, वही, सगळं सांगितलं. भावोजी नोकरीवरून निघाले. बक्कल, टोपी, पट्टा जमा करून ते घरी आले तेव्हा अख्खी लाईन दारं लोटून बसली होती. आठवड्यात खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. निघायच्या दिवशी मी जाऊबाईंकडे गेले. त्या भांडी पोत्यात भरत होत्या. मला वाटलं होतं त्या शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "साहेबानं लय खोदून इचारलं, एवढा शाळू म्हैन्यात कुठं गेला? आजून कुणाच्या घरी दिला? तर ह्ये म्हणलं, आमीच खाल्ला साहेब, भूक लय व्हती." मग त्यांनी पितळी डबा माझ्या हातात ठेवला. "ह्यो तुमचाच हाय. बदलून आला व्हता कवातरी." टेम्पो निघाला तेव्हा हे ड्यूटीवर होते. ड्यूटी मागून घेतली होती, असं मला मागाहून कळलं.

पाच-सहा वर्षं गेली. पाऊसपाणी बरं झालं, वडील पुन्हा गावी स्थिरावले आणि एका वर्षी आईनं एसटीच्या टपावर टाकून खरोखरीचं शाळूचं पोतं पाठवलं. पहिलं पीठ गिरणीतून राजरोस दळून आणलं. भाकरी केली, लोण्याचा गोळा ठेवला. ह्यांनी एक तुकडा मोडला, सावकाश चावला आणि म्हणाले, "ह्यो मातर खरा म्हायरचा."

माझ्या हातातली परात तिथेच राहिली. मी विचारलं, कधीपासून ठाऊक होतं.

"पयल्या दिसापास्नं. त्या साली तुज्या म्हायरी चिमणीला दाणा न्हवता. मी पोलीस हाय, येडा न्हवं."

मग खाल्लं कशाला, मी म्हटलं. त्यांनी पुढचा तुकडा मोडला. मला एकदम राग आला. सव्वा महिना गपचूप जेवलात, तरी तुम्ही साक्ष दिलीत, आणि आपल्या ताटाबद्दल मात्र एक शब्द नाही? मी इतकी वर्षं एकटीच जळत होते की! लाईनीत तुम्हाला सचोटीचा माणूस म्हणतात, साहेब तुमचा दाखला देतात, हे सगळं मी त्यांना भाकरी पुढ्यात असताना ऐकवलं.

ते ताटाकडे बघत होते. "साहेबानं त्याला इचारलं तवा त्यानं माज्याकडं बघितलं," ते म्हणाले. "मी वाट बघत व्हतो. त्यानं सांगितलं आसतं तर मी व्हय म्हणणार व्हतो. त्यो म्हणला, आमीच खाल्ला."

"आणि तुम्ही?"

"मला कुणी इचारलं न्हाई."

त्या दिवशी ते अर्ध्या ताटावरून उठले. मी समजूत काढायला गेले नाही.

रविवारी निम्मा शाळू पोत्यात बांधून आम्ही एसटीनं रहिमतपूरला गेलो. काय बोलायचं ते दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. स्टँडवर उतरलो तसे हे बाकावर बसले, पोतं पायाशी घेतलं आणि म्हणाले, "तू हो म्होरं." मी हमाल केला आणि पोतं घेऊन एकटीच गेले. भावोजी अंगणात दोर वळत बसले होते. दाढीचे खुंट पांढरे झालेले. भावाच्या शेतावर राबत होते, मजुरासारखे. जाऊबाईंनी मला पोटाशी धरलं. मी म्हटलं, माहेरचा शाळू आहे, आणि शब्द तोंडातून निघताच मान खाली गेली. भावोजींनी ओंजळभर दाणे घेऊन बघितले आणि दाणा चांगला भरलाय म्हणाले. त्यांनी मुलीचं विचारलं, कितवीत आहे ते. मग ह्यांचं विचारलं. मी म्हटलं, त्यांना ड्यूटी आहे.

ते हसले. सायकल ढकलताना हसायचे तसेच. "वैनी, तुमाला खोटं बोलाय कवाच आलं न्हाई. ष्टँडावर बसलाय न्हवं? त्याला म्हणावं, च्या ठेवलाय. पिऊन जा. हितं कुणी काय इचारत न्हाई."

मी जवळजवळ पळतच स्टँडवर आले आणि ह्यांना ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. परतीची गाडी लागली. ते उठले तेव्हा मला वाटलं गावाकडे वळतील. ते गाडीत चढले आणि खिडकीशी जाऊन बसले. चहा ठेवलेला होता, ते दोघं वाट बघत असणार, हे मला माहीत होतं. कंडक्टरनं घंटी मारली तशी मी चढले आणि त्यांच्या शेजारी बसले.