गाळलेलं प्रकरण

लिंकनशायरमधल्या एका खेड्याच्या पाद्र्याची लेक लव्हिनिया थर्स्बी एकेचाळीस वर्षांची झाली, तरी लग्न झालेलं नसल्यामुळे गावाच्या लेखी मुलगीच होती. तिच्या तीन कादंबऱ्या लंडनला छापून आल्या होत्या, पण एडमंड क्रेल या नावाने. घरात कुणाला पत्ता नव्हता. बायकांनी कादंबऱ्या ऐकाव्यात, लिहू नयेत, असं वडिलांचं मत होतं आणि त्यांची मतं बदलल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं. कळलं तर लेखणी कायमची खाली ठेवावी लागेल, हे ती जाणून होती.

लंडनच्या वाचनालयातून पुस्तकांची पेटी येई. नव्या पुस्तकाची जुळलेली पानं सुरीने कापायचा मान वडिलांचा. दुपारी खोलीचं दार लावून ते पानं कापत, आधी स्वतः वाचत आणि चहानंतर मोठ्याने वाचून दाखवत. मुलीच्या कानांवर पडू नये असं जे वाटे ते बिनबोभाट गाळत. ऐकायला लव्हिनिया आणि मोजे विणणारी स्वयंपाकीण मिसेस टॅपर.

त्या मंगळवारी पेटीतून क्रेलसाहेबांची चौथी कादंबरी निघाली. वडिलांनी वाचायला घेतली, आणि नायिकेला मागणी घालायला माणूस बागेत शिरतो न शिरतो तोच त्यांनी सहा पानं उलटली. पुढच्या ओळीत ती एकटी रडत बसलेली.

मिसेस टॅपरचं विणकाम थांबलं. ती म्हणाली, "अहो साहेब, तो आला काय नि गेला काय. मग ही बया रडतेय कशाला?"

"लेखकाची विसरभोळी जात," वडील म्हणाले.

चार महिने त्या सहा पानांसाठी लव्हिनियाने रक्त आटवलं होतं. तिच्याच्याने राहवलं नाही.

"विसरला नाही, बाबा. ती त्याला नाही म्हणते. बाप एकटा पडेल म्हणून."

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. पुस्तक दुपारपासून वडिलांच्या हातातून सुटलंच नव्हतं.

वडिलांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"तो मिस्टर हेब्डन होता का?" त्यांनी विचारलं. हेब्डन हा त्यांचा जुना मदतनीस पाद्री. सतरा वर्षांपूर्वी अचानक बदली मागून गेला होता.

"हो."

वडिलांनी सहा पानं मागे उलटली आणि पहिल्यापासून वाचली. नायिका रात्रभर बापाचा राग राग करते, तेही आवाज न बदलता वाचलं.

"बाप मेला आप्पलपोटा," मिसेस टॅपर म्हणाली.

"खरं आहे," वडील म्हणाले. मग लव्हिनियाकडे न बघता विचारलं, "लिहितेस कुठे?"

"कोठीघरात."

"तिथे गारठा असतो. उद्यापासून माझ्या खोलीत बसत जा. माझं प्रवचन काय, कुठेही लिहून होतं."